एस. टी.च्या आगारात संघटनेची पावती कोण फाडणार?

वेतन कराराची जागा घोषणांनी घेतली. मान्यताप्राप्त संघटनांचा पाया का खचला?

बारामती/इंदापूर, खास प्रतिनिधी

बारामती आणि इंदापूर या शेजारच्या दोन तालुक्यांतील सर्वसामान्य माणसाचा सार्वजनिक क्षेत्राशी रोजचा संबंध येतो तो एस. टी.च्या गाडीतून. शाळा-महाविद्यालयांत जाणारे विद्यार्थी, बाजाराला निघालेले शेतकरी, औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे कामगार या साऱ्यांची भिस्त याच गाडीवर असते. राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या पुणे विभागातील बारामती, बारामती एमआयडीसी आणि इंदापूर ही तीन आगारे या परिसरात आहेत. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील राज्यव्यापी संपात इथल्या प्रवाशांचेही अतोनात हाल झाले. संप मिटला, गाड्या पूर्ववत धावू लागल्या. मात्र त्या संपात एक जुनी घडी विस्कटली. कामगारांच्या वतीने बोलायचे कोणी, करारावर सही करायची कोणी आणि संप मागे घ्यायचा तो कोणाच्या शब्दावर, या प्रश्नांचे पूर्वी एक ठरलेले उत्तर होते. ते आता उरलेले नाही. केंद्राची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्याने हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा झाला आहे.

शब्द एक, अर्थ दोन

सार्वजनिक क्षेत्रातील संघटनांच्या घटत्या सभासदसंख्येची चर्चा निघाली की अमेरिकेतील 'कामाचा हक्क' कायद्यांचा दाखला दिला जातो. मराठी वाचकाला हा शब्दप्रयोग चकवा देणारा आहे. महाराष्ट्रात 'कामाचा हक्क' म्हटले की आठवते ती रोजगार हमी योजना. १९७२च्या दुष्काळाच्या अनुभवातून ती आकाराला आली आणि १९७७च्या कायद्याने काम मागणाऱ्याला काम देण्याची जबाबदारी शासनावर आली. अमेरिकेतील कायद्यांचा मात्र काम पुरविण्याशी काहीही संबंध नाही. संघटनेला वर्गणी न देताही नोकरीवर राहण्याची मुभा, एवढाच त्यांचा अर्थ.

तेथे कामगारांच्या बहुमताने निवडलेल्या संघटनेला सभासद नसलेल्यांच्या वतीनेही वाटाघाटी कराव्या लागतात. या कामाचा खर्च म्हणून बिगरसभासदांकडून शुल्क घेण्याची पद्धत होती. १९४७च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने अशी सक्ती रोखण्याचा अधिकार राज्यांना दिला. पुढे २७ जून २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'जेनस' खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी सरकारी नोकरांवरील ही सक्ती देशभर रद्द केली. २०१८ साली तेथील सरकारी नोकरांपैकी ३३.९ टक्के संघटनांचे सभासद होते; २०२४मध्ये हे प्रमाण ३२.२ टक्क्यांवर आले. उतार आहे, पण कडेलोट नाही.

महाराष्ट्रात अशी सक्ती कायद्याने कधी नव्हतीच. राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदाने संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. शिवाय महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्यात, कामगाराला संघटनेत येण्यासाठी किंवा न येण्यासाठी धाकदपटशा करणे ही संघटनेने केलेली अनुचित प्रथा ठरविली आहे. पगारातून वर्गणी कापून घ्यायची, तर त्यासाठीही कामगाराची लेखी संमती आवश्यक असते. तेव्हा आपल्याकडे संघटनेचे बळ वर्गणीच्या सक्तीवर कधीच उभे नव्हते. ते उभे होते 'मान्यते'वर.

मान्यता म्हणजे काय?

कामगार संघटनेची नोंदणी आणि मान्यता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९२६च्या कामगार संघटना कायद्यानुसार पूर्वी कोणत्याही सात जणांना संघटना नोंदविता येत असे. २००१च्या दुरुस्तीनंतर किमान दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढ्यांचा पाठिंबा आवश्यक झाला. एस. टी.सारख्या प्रचंड महामंडळात शंभर माणसे जमविणे अवघड नव्हते. एकेका आगाराच्या फाटकाशी अनेक संघटनांचे फलक दिसतात, त्याचे एक कारण हेच.

मान्यतेची कसोटी मात्र कडक आहे. 'महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम, १९७१' असे लांबलचक नाव असलेल्या कायद्यानुसार, अर्जापूर्वीच्या सलग सहा महिन्यांत किमान ३० टक्के कर्मचारी सभासद असलेल्या संघटनेलाच औद्योगिक न्यायालय मान्यता देते. सभासदांची पडताळणी तपास अधिकाऱ्यामार्फत होते. सभासदसंख्या सलग सहा महिने ३० टक्क्यांखाली राहिली, तर मान्यता रद्द होऊ शकते.

मान्यता मिळाली की संघटनेच्या हाती मोठी सत्ता येते. पगाराच्या ठिकाणी वर्गणी गोळा करणे, आवारात सूचनाफलक लावणे, कामगारांशी चर्चा करणे, व्यवस्थापनाशी वाटाघाटी करणे हे अधिकार तिला मिळतात. मान्यता नसलेल्या संघटनेला बडतर्फी, निलंबन किंवा खातेनिहाय चौकशी यांसारख्या प्रकरणांत आपल्या सभासदाची बाजू मांडता येते. वेतनाच्या प्रश्नावर तिला असा अधिकार नाही. संपाबाबतही नियम काटेकोर आहेत. मान्यताप्राप्त संघटनेने आधी सभासदांच्या बहुमताचा कौल घ्यावा आणि त्यानंतर चौदा दिवसांची नोटीस द्यावी, अन्यथा संप बेकायदा ठरतो.

या रचनेत एक मर्म दडलेले आहे. सभासद नसलेल्यालाही करार लागू होतो. त्यामुळे फायदा सर्वांना आणि वर्गणी काहींचीच, ही तक्रार आपल्याकडेही जुनीच आहे. दुसरीकडे, करार पसंत न पडलेल्या कामगाराला वेगळी वाट नाही. त्याच्या हाती उरते ते एकच: पुढच्या वेळी पावती न फाडणे.

करारांकडून घोषणांकडे

महाराष्ट्र एस. टी. कामगार संघटना ही दीर्घकाळ महामंडळातील मान्यताप्राप्त संघटना होती. दर चार वर्षांनी तिने महामंडळाशी वेतन करार करावा, अशी रीत होती. इंटक, कामगार सेना, कास्ट्राईब अशा इतर संघटना तिच्यावर टीका करीत. तरी सही कोणाची याबद्दल वाद नव्हता.

असंतोषाची बीजे या करारांतही होती. नव्याने भरती झालेल्या चालक-वाहकांना आरंभीची काही वर्षे कनिष्ठ वेतनश्रेणीत काढावी लागत. एकाच मार्गावर, एकाच प्रकारच्या गाडीवर काम करणाऱ्या दोघांच्या पगारात त्यामुळे मोठी तफावत पडे. या प्रश्नावर स्वतंत्र संघटना उभी राहिली, यातच तरुण कामगारांच्या मनातील दुरावा दिसून येतो.

२०१६ ते २०२० या काळासाठीच्या करारावेळी ही व्यवस्था पहिल्यांदा उघडपणे कोलमडली. सातव्या वेतन आयोगाच्या मागणीसाठी ऑक्टोबर २०१७मध्ये, ऐन दिवाळीत, चार दिवसांचा संप झाला आणि उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरविल्यावर मागे घेण्यात आला. त्यानंतर १ जून २०१८ रोजी तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी ४ हजार ८४९ कोटी रुपयांची वेतनवाढ जाहीर केली. संघटनेशी करार न होताच ती जाहीर झाली होती. लगेच ८ आणि ९ जूनला राज्यभर अघोषित संप झाला.

करार आणि घोषणा यांतील फरक केवळ शब्दांचा नाही. औद्योगिक कायद्याखाली झालेला करार दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो आणि त्याचा भंग झाल्यास न्यायालयात दाद मागता येते. घोषणा ही शासनाच्या मर्जीची गोष्ट. ती कधी, किती आणि कोणत्या अटींवर द्यायची, हे देणारा ठरवितो.

नेत्यांविना चाललेला संप

२७ ऑक्टोबर २०२१ रोजी संघटनांच्या संयुक्त कृती समितीने बेमुदत उपोषण सुरू केले. महागाई भत्ता व घरभाडे भत्त्यातील वाढ मान्य झाल्यावर दुसऱ्याच दिवशी समितीने आंदोलन मागे घेतले. एरवी येथेच पडदा पडला असता. यावेळी मात्र कामगारांनी समितीचे ऐकले नाही. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करा, या एकाच मागणीवर एकामागून एक आगार बंद होत गेले आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यातील जवळजवळ सर्व आगारे ठप्प झाली. महामंडळात त्यावेळी नव्वद हजारांहून अधिक कर्मचारी होते.

पुढचा घटनाक्रम बोलका आहे. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी तत्कालीन परिवहनमंत्री अनिल परब यांनी सेवेच्या कालावधीनुसार मूळ वेतनात पाच हजार, चार हजार आणि अडीच हजार रुपयांची वाढ जाहीर केली. आझाद मैदानावरील आंदोलनाचे नेतृत्व करणारे गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत दुसऱ्या दिवशी बाजूला झाले; संप चालूच राहिला. डिसेंबरमध्ये कनिष्ठ वेतनश्रेणी संघटनेच्या नेत्याने संप मागे घेतल्याचे जाहीर केले. तरीही संप चालूच राहिला. शासनाने कोणाशी बोलावे आणि कोणाचा शब्द आगारापर्यंत पोहोचेल, हेच कळेनासे झाले. हजारो कर्मचाऱ्यांवर निलंबन व बडतर्फीची कारवाई झाली. विलीनीकरण शक्य नसल्याचा अहवाल मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीने दिला. अखेर उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर होण्यास सांगितले आणि संप संपला. तत्पूर्वी ८ एप्रिलला आंदोलकांनी शरद पवार यांच्या मुंबईतील निवासस्थानी घुसून चप्पलफेक केली. बारामतीत या घटनेची प्रतिक्रिया तीव्र होती. संपकऱ्यांची न्यायालयात बाजू मांडणारे अ‍ॅड. गुणरत्न सदावर्ते यांना या प्रकरणी अटक झाली.

प्रस्थापित संघटनांवरील रोष मतपेटीतूनही व्यक्त झाला. जून २०२३मध्ये स्टेट ट्रान्स्पोर्ट को-ऑपरेटिव्ह बँकेच्या निवडणुकीत सदावर्ते यांच्या पॅनेलने सर्व १९ जागा जिंकल्या. कर्मचाऱ्यांच्या मालकीच्या या बँकेवरील वर्चस्व हे आजवर संघटनेच्या ताकदीचे माप मानले जात असे.

सप्टेंबर २०२४मध्ये कृती समितीने पुन्हा संप पुकारला. दुसऱ्याच दिवशी तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याबरोबरच्या बैठकीनंतर मूळ वेतनात एप्रिल २०२०पासून साडेसहा हजार रुपयांची वाढ जाहीर झाली. कामगारांच्या पदरात रक्कम पडली, हे खरे. पण ही वाढ विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर आणि गणेशोत्सवाच्या गर्दीच्या काळात मिळाली. दर चार वर्षांनी असाच मुहूर्त लाभेल, याची हमी कोणी द्यायची?

हजेरीपटावर नसलेले चालक

सभासदसंख्या घटण्यामागे रोषाखेरीज दुसरेही एक कारण आहे. भाडेतत्त्वावरील 'शिवशाही' गाड्या २०१७मध्ये आल्या, त्यांवर चालक खासगी मालकाचा. १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेल्या विजेवरील 'शिवाई'चा चालकही कंत्राटदाराचाच. याच मार्गावर १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली गाडी धावली होती. हे चालक महामंडळाच्या हजेरीपटावर नाहीत. प्रवासी त्यांना एस. टी.चाच माणूस समजतो. कायदा मात्र तसे समजत नाही. साहजिकच महामंडळातील संघटनेच्या सभासदसंख्येत ते धरले जात नाहीत.

बारामती-इंदापूरच्या वाचकांना सहकारी साखर कारखान्यांचे उदाहरण जवळचे आहे. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरचा छत्रपती कारखाना हे सहकारी असल्याने सार्वजनिक क्षेत्रात मोडत नाहीत. मात्र साखर उद्योगाला लागू असलेल्या १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यातही २५ टक्के सभासद असलेल्या 'प्रातिनिधिक संघटने'ची हीच कल्पना आहे. तेथे शासन, कारखानदार आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय समितीत वेतनवाढ ठरते आणि सही करणारा कोण, हे आधीच ठाऊक असते. हंगामाच्या तोंडावर धुराडी बंद पडू नयेत, यासाठी ही व्यवस्था दोन्ही बाजूंच्या सोयीची आहे.

नव्या संहितेत काय?

औद्योगिक संबंध संहितेने १९२६चा संघटना कायदा, १९४६चा स्थायी आदेश कायदा आणि १९४७चा औद्योगिक विवाद कायदा हे तीन केंद्रीय कायदे रद्द केले. महाराष्ट्राचा १९७१चा कायदा या यादीत नाही. संहितेनुसार एकाहून अधिक संघटना असतील तेथे हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरते. तेवढा पाठिंबा कोणालाच नसेल, तर वाटाघाटी परिषद नेमायची आणि तीत दर २० टक्के पाठिंब्यामागे एक प्रतिनिधी घ्यायचा. संपासाठी चौदा दिवसांची नोटीस आता सर्वच औद्योगिक आस्थापनांना आवश्यक आहे. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली, तर तोही संपच मानला जाईल.

राज्याच्या कायद्यात ३० टक्के, संहितेत ५१ टक्के. डझनावारी संघटनांत विभागलेल्या एस. टी.त ५१ टक्क्यांचा पल्ला गाठणे कोणालाही कठीण आहे. वीस टक्क्यांची पायरी तरी किती जणांना चढता येईल, हा पुढचा प्रश्न. परिषदेत स्थान न मिळणाऱ्या लहान संघटनांच्या सभासदांचा आवाज वाटाघाटींत उमटणार नाही. संघटनांचे एकत्रीकरण घडविणारी ही तरतूद आहे, असे तिचे समर्थक म्हणतात. विखुरलेल्या कामगारांना ती आणखी दुबळे करील, अशी विरोधकांची भीती आहे. दोन्ही शक्यता खऱ्या ठरू शकतात आणि त्यांपैकी कोणती ठरेल, हे आगारातील कामगारच ठरविणार आहेत.

संघटनेविषयीचा राग समजण्याजोगा आहे. वर्षानुवर्षे पदावर बसलेले नेते, तुटपुंजे करार आणि राजकीय पक्षांशी असलेली जवळीक यांमुळे तो साचत गेला. पण रागाच्या भरात पावती फाडणे थांबविले, की वाटाघाटीच्या टेबलावरची कामगारांची खुर्चीही रिकामी होते. रिकाम्या खुर्चीशी कोणी करार करीत नाही. जवळजवळ सहा महिने बंद राहिलेल्या आगारांनी त्याची किंमत मोजली आहे आणि फलाटावर ताटकळलेल्या प्रवाशांनीही.