तांबडा, तिखट, कोल्हापुरी
कोल्हापूरच्या जेवणाची ख्याती तांबडा, तिखट आणि कोल्हापुरी या तीन विशेषणांवर उभी आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या आद्य इंडो-युरोपीय भाषेत विशेषण घडवण्याची जी रीत होती, ती या तिन्ही शब्दांत अजून चालू आहे, असं माझं म्हणणं आहे. त्या भाषेतली एक ओळही लिहिलेली सापडत नाही. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, अवेस्ता यांची रूपं शेजारी ठेवून तिची घडण अभ्यासकांनी उभी केली. धातूला प्रत्यय लावून विशेषण करायचं, आणि प्रत्यय बोलण्यात झिजला की त्यावर दुसरा चढवायचा, ही ती रीत.

तांबड्याचंच पाहा. संस्कृत 'ताम्र'मध्ये काळोखाचा अर्थ सांगणारा 'तम्' हा धातू आणि 'र' हा प्रत्यय आहे. हा 'र' फार जुना. संस्कृतातला रुधिर, ग्रीकमधला एरुथ्रोस आणि लॅटिनमधला रूबेर एकाच धातूला तोच प्रत्यय लागून झाले आणि तिघांचाही मूळ अर्थ लाल. 'रक्त' हा रुधिराचा अर्थ मागाहून आला. प्राकृतात ताम्राचा 'तंब' झाला आणि 'र' ओळखू येईनासा झाला. मग 'ड' लागला, त्यावर 'क' चढला, आणि तो 'क'ही झिजून 'आ' उरला. तांबडा रस्सा, तांबडी चटणी, तांबडं तिखट असा लिंगानुसार बदलणारा जो शेवट आपण सहज वापरतो, तो त्या 'क'चा अवशेष आहे. यातला 'ड' काही आद्य भाषेपर्यंत नेता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण माझा दावा प्रत्येक तुकड्याच्या वयाबद्दल नाही, तुकडे जोडण्याच्या पद्धतीबद्दल आहे. शेजारच्या पांढऱ्या रश्श्याला तर मी या वंशावळीत ओढणारच नाही. 'पाण्डर' कोणत्या धातूचा, हे ठरलेलं नाही.

खरी हरकत 'कोल्हापुरी'वर येईल. हा 'ई' फारसीतून आला, असं पुष्कळ जण मानतात. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या माधवराव पटवर्धनांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश काढला. तो चाळला की मराठीवरचं फारसीचं ऋण नाकारता येत नाही. दरबारी व्यवहारामुळे गावाच्या नावाला 'ई' लावण्याची सवय बळावली, हे मलाही मान्य आहे. पण 'तैलिक'चा प्राकृतात 'तेल्लिअ' आणि मराठीत 'तेली' झाला, त्याला फारसीची गरज लागली नाही. शिवाय फारसीचा 'ई' तरी कुठला? मध्यकालीन इराणीत तो 'ईग' होता, आणि त्यातला 'ग' हा जुन्या 'क'चाच वंशज. म्हणजे आपला 'इक' आणि त्यांचा 'ईग' एकाच घरचे.

असंच नातं तिखटातही दिसतं, पण तिथे ते प्रत्ययाचं नसून धातूचं आहे. तिखट आलं 'तीक्ष्ण'वरून आणि तीक्ष्ण 'तिज्' म्हणजे धार लावणे या धातूवरून. इराणी शाखेत त्याच धातूचा 'तेज' झाला, अर्थ धारदार, मग वेगवान; त्याला भाववाचक 'ई' (वरच्या 'ई'हून वेगळा) लागून झाली तेजी. गुळाच्या सौद्यात भाव चढला की व्यापारी ज्या शब्दानं ते सांगतात तो इराणातून फिरून आला, आणि त्याचा सख्खा भाऊ तिखट इथल्या मिरचीच्या डब्यात आधीपासून होता.