विजेची गुणगुण आणि गिटारीचा कंठ

कामठी हें गांव लष्कराच्या छावणीभोंवतीं वाढलें. १८१७ सालीं सीताबर्डीची लढाई झाली आणि त्यानंतर चार वर्षांनीं, म्हणजे १८२१ सालीं, इंग्रजांनीं कन्हान नदीच्या कांठीं ही छावणी वसविली. आज तेथें 'ब्रिगेड ऑफ दि गार्ड्स' या रेजिमेंटचें केंद्र आहे. छावणी म्हटली कीं बँड आलाच. पितळी वाद्यांचा घोष कवायतीच्या मैदानाबाहेरहि दूरवर ऐकूं जातो. त्यास विजेचें साहाय्य लागत नाहीं. अशा वाद्यांच्या शेजारीं कोणी साधी गिटार घेऊन बसला, तर तिचा आवाज त्याच्या स्वतःच्या कानांपलीकडे जाणार नाहीं. गिटारीचें सारें दुःख या एका गोष्टींत होतें, आणि विजेवरील गिटारीचा इतिहास या दुःखांतूनच सुरू होतो.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत अमेरिकेंतील नृत्यगृहांत पितळी वाद्यांचे मोठे ताफे वाजूं लागले आणि त्यांतील गिटारवादक जवळजवळ मुका झाला. जॉर्ज बीचम हा स्वतः हवाईयन गिटार वाजविणारा. त्यानें अॅडॉल्फ रिकनबॅकर याच्या साहाय्यानें १९३२ सालीं जी गिटार बाजारांत आणली, ती लांब दांड्याच्या तव्यासारखी दिसे. म्हणून लोक तिला थट्टेनें तवाच म्हणत. परंतु त्या तव्यांत नालाच्या आकाराचीं दोन लोहचुंबकें आणि बारीक तांब्याच्या तारेची एक गुंडाळी होती. चुंबकाचा प्रभाव बदलला कीं जवळच्या गुंडाळींत वीज उत्पन्न होते, हा फॅरडेचा १८३१ सालचा शोध. गिटारीची पोलादी तार चुंबकाजवळ कंप पावते, गुंडाळींत अल्पशी वीज उमटते, आणि तीच वाढवून कर्ण्यास दिली म्हणजे सभागृह भरून जातें. या भागास वादक 'पिकअप' म्हणतात. तो ध्वनि ऐकत नाहींच. तो केवळ तारेची हालचाल जाणतो.

मात्र ही गुंडाळी फार भोळी असते. चुंबकाचा प्रभाव बदलला एवढेंच तिला कळतें. तो तारेनें बदलला कीं विजेच्या रोहित्रानें, हा भेद तिला कळत नाहीं. कामठी तालुक्यांतीलच कोराडी येथें १९७४ सालीं वीजनिर्मितीचा पहिला संच चालूं झाला. अशा संचाचा आंस मिनिटास ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास ५०. त्याच लयीनें घरोघर वीज खेळते. उन्हाळ्यांत वैदर्भीय घरांत कूलर चालूं असतो, डोक्यावर नळीदिवा असतो. त्यांच्या मोटारींतून व चोकमधून तीच लय निसटते, आणि गिटारीची गुंडाळी ती निमूटपणें उचलते. तारेस बोटहि न लावतां कर्ण्यांतून भुंग्यासारखी गुणगुण ऐकूं येते ती हीच. देशांतील सर्व विभागांचीं वीजजाळीं ३१ डिसेंबर २०१३ पासून एकत्र जोडलेलीं असल्यामुळें कामठीच्या गिटारींत व कोचीनच्या गिटारींत एकाच स्वराची गुणगुण असते. अमेरिकेंत हा आंकडा ६० असल्यामुळें तेथील गुणगुण किंचित् वरच्या स्वरांत आहे, इतकाच फरक.

दुसरी अडचण लांकडाची होती. १९३६ सालीं गिब्सन कंपनीनें पोकळ पेटीच्या गिटारीवर पिकअप बसविला, आणि १९३९ सालापासून बेनी गुडमन याच्या ताफ्यांत चार्ली ख्रिश्चन या तरुणानें अशीच गिटार वाजवून पितळी वाद्यांच्या बरोबरीनें एकल वादन करून दाखविलें. पण आवाज फार वाढविला कीं कर्ण्याचा नाद पेटींत शिरे, पेटी तारांस हलवी, तारा पुन्हां कर्ण्यास चेतवीत, आणि सभेंत मायक्रोफोन कर्ण्यासमोर गेल्यावर जशी कर्कश शीळ उठते तशी उठे. १९४० च्या सुमारास लेस पॉल यानें सरळ एका भरीव तुळईवर तारा चढविल्या व दोन्ही अंगांस पेटीचे अर्धे भाग शोभेपुरते चिकटविले. १९५८ सालीं गिब्सन कंपनीनें यांतील मध्यम मार्ग काढला. पातळ पेटी, तिच्या मधोमध मेपल लांकडाचा भरीव ठोकळा, आणि दोन्ही कुशी पोकळ. हीच 'ई. एस. ३३५' नांवाची अर्धपोकळ गिटार. तिच्यांत शीळ पुष्कळ आटोक्यांत आली, आणि पोकळ लांकडाचा ओलावाहि स्वरांत राहिला.

याच गिटारीवर जे पिकअप बसविले गेले, ते सेथ लव्हर या रेडिओविद्येंत मुरलेल्या कारागिराचे. त्यानें २२ जून १९५५ रोजीं त्यांच्या पेटंटासाठीं अर्ज केला होता. पेटंट मिळालें १९५९ सालीं. त्याची युक्ति शाळेंतील बीजगणिताची आहे. एका गुंडाळीऐवजीं शेजारीं शेजारीं दोन घ्यावयाच्या, आणि दुसरी उलट दिशेनें जोडावयाची. गुणगुण दोहोंतहि सारखीच शिरते, एकींत ती धन, दुसरींत ऋण, बेरीज शून्य. पण मग तारेचा स्वरहि शून्य व्हावयास हवा. तसें होऊं नये म्हणून दुसऱ्या गुंडाळीखालचें चुंबकाचें टोंकहि उलटें ठेवावयाचें. त्यामुळें तारेचा स्वर दोनदां उलटतो, आणि ऋणाचें ऋण धन होऊन दुप्पट जोमानें बाहेर येतो.

या शांततेची किंमतहि द्यावी लागली. दोन गुंडाळ्या तारेस दोन ठिकाणीं स्पर्शल्यासारख्या असतात. त्यामुळें स्वराचीं अतिसूक्ष्म कंपनें कांहीं अंशीं नाहींशीं होतात आणि आवाज अधिक गोल व जाड होतो. लव्हरनें गुणगुण काढावयास घेतली आणि कळत नकळत कंठ बदलला.

हिंदुस्थानांत हा कंठ प्रथम बहुधा मुंबईच्या चित्रपटसंगीतांतून घरोघर गेला. व्हॅन शिप्ले व हजारासिंग यांनीं विजेवरील हवाईयन गिटारीवर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघर ऐकल्या जात. १९५७ सालीं विविधभारती सुरू झाली. १९६६ सालच्या 'तीसरी मंझिल' मधील गिटारीनें तर तरुणांस वेडच लाविलें. पण त्याच काळांत परकीय चलनाच्या टंचाईमुळें आयातीवर कडक निर्बंध होते. चांगला पिकअप दुकानांत जाऊन आणण्याजोगी वस्तु नव्हती. उपभोग्य वस्तूंवरील शेवटचे परिमाणात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजीं उठले. तोंवर पुष्कळांनीं आहे त्याच गिटारीवर, आहे त्या गुणगुणीसकट, आपला हात घडविला.

आतां नवा पिकअप टपालानें घरीं येतो आणि प्रश्न उलटा झाला आहे. सुटे पिकअप विकण्याचा धंदा १९७२ च्या सुमारास अमेरिकेंत लॅरी डिमार्झिओ यानें वाढविला. सेमूर डंकन याचा कारखाना १९७६ चा. आरंभीं लोकांस अधिक जोरकस आवाज हवा होता, म्हणून १९५० च्या दशकांतील पिकअप काढून टाकले गेले. पुढें उमगलें कीं त्या जुन्या गुंडाळ्यांतील वेढे हातच्या अंदाजानें, कमीअधिक, घातलेले होते. म्हणूनच प्रत्येकीचा स्वर निराळा व सजीव होता. मग तेच टाकून दिलेले पिकअप सोन्याच्या भावानें शोधले जाऊं लागले, आणि त्यांच्या नकला 'सुधारणा' म्हणून विकल्या जाऊं लागल्या.

म्हणून कामठींतील एखाद्या तरुणास वडिलांची अर्धपोकळ गिटार मिळाली व तिचे पिकअप बदलण्याची इच्छा झाली, तर त्यानें हा इतिहास आठवावा. आधीं पिकअपचे स्क्रू फिरवून तो तारांपासून थोडा खालीं किंवा वर करून पाहावा. पुष्कळदां कंठ तेवढ्यानेंच मोकळा होतो. बदलावयाचेंच ठरलें, तर काम सबुरीचें आहे. या जातीच्या बहुतेक गिटारींस मागें झांकण नसतें. आंतील बटनांचे सारे भाग 'एफ्' आकाराच्या छिद्रांतून बाहेर काढावे लागतात आणि त्यांच्या दांड्यांस दोरा बांधून पुन्हां जागेवर ओढून आणावे लागतात. लेंग्याच्या नेफ्यांत नाडी ओवावी तसें. दोरा निसटला कीं सारी खटपट पहिल्यापासून. आणि काढलेला जुना पिकअप कधीं टाकूं नये. कागदांत गुंडाळून, तारखेसह, डबींत ठेवावा. मिरजेचे कारागीर सतारीची जवारी काढतांना घोडी जपून, थोडी थोडी घासतात. कारण घासलेलें हाड परत येत नाहीं. येथें निदान परतीची वाट मोकळी आहे, ती आपण होऊन बंद करूं नये. गुणगुण काढतां येते. पण वडिलांच्या हाताखालीं जो कंठ घडला, तो एकदां हरवला तर तो कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं.