विवेक म्हणजे निवडणे



'विवेकाने वाग' असे आपण मुलासुनांना सहज सांगतो. पण वागायचे म्हणजे नेमके करायचे काय? शब्दाच्या मागे गेले की ते कळते. संस्कृतात 'विच्' म्हणजे वेगळे करणे. 'वि' लागल्यावर त्याचा एक जुना अर्थ धान्य पाखडणे असाही आहे. म्हणजे सूप हातात घेऊन आपण करतो तेच.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार दिले आहेत. आलोचना, प्रतिक्रमण, तदुभय आणि चौथा विवेक. पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी टीकेत त्याचा अर्थ अगदी साधा आहे: मिसळलेले अन्न, पाणी, उपकरणे वेगळी करणे. मला हे फार आवडते. रडारड नाही, फक्त निवडणे. समयसारासारख्या ग्रंथांत हीच निवड आत्मा आणि देह यांच्यापर्यंत जाते. तिथे तिला भेदविज्ञान म्हणतात. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' शके १११० चा मानतात. त्याचे तत्त्वज्ञान आपल्याहून वेगळे, पण शब्द तोच.

मराठीने तर कमालच केली. तांदूळ निवडतो त्याच क्रियापदावरून निवाडा आणि निवडणूकही. मराठेशाहीत पाटीलकी-कुलकर्णाच्या वतनांचे तंटे गोतसभेपुढे येत. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून, साक्षी घेऊन मग निवाडपत्र लिहून देत. निर्णय आधी आणि कारणे मागाहून, असे केले तर तो निवाडा कसला? (आम्हां कॉमर्सवाल्यांनाही भांडवली खर्च आणि महसुली खर्च आधी वेगळे केल्याशिवाय नफा काढता येत नाही.)

घरात याचा कस लागतो तो दशलक्षण पर्वात. गेल्या भाद्रपदात माझ्या मधुमेही जाऊबाईंनी दहा उपवास करायचे मनात घेतले. घरात दोन तट पडले. 'धर्माच्या आड येऊ नका' असे एक म्हणे, 'हा हट्ट आहे' असे दुसरा. मग आम्ही दोघी बसलो आणि एकेक गोष्ट बाजूला काढली. त्यांची स्वतःची भावना किती, शेजारणीने केले म्हणून किती, पारण्याच्या मिरवणुकीची हौस किती. डॉक्टरांचे म्हणणे वेगळे ठेवले. त्यात आमचे काही मिसळायचे नाही असे ठरले. हौस आणि शेजारीण गेल्यावरही भावना बरीच उरली, हे मी मुद्दाम सांगते.

डॉक्टरांना विचारून जाऊबाईंनी रसत्याग केला. दहा दिवस तूप आणि गोड बंद, जेवण आणि गोळ्या मात्र वेळेवर. रसपरित्यागही त्याच नवव्या अध्यायात आहे, अनशनाच्याच यादीत, तप म्हणून.