शिरःकपालाचा छेद व वालवर्ति

डोक्यास मार लागून आंत रक्त सांचलें किंवा मेंदूस सूज आली, म्हणजे कवटीच्या ताठ पेटींत पसरण्यास जागा राहत नाहीं आणि त्या दाबानें प्राण जातो. सबब हल्लींचे शस्त्रवैद्य कवटीचा एक तुकडा काढून ठेवतात व सूज ओसरल्यावर ती जागा पुन्हां झांकतात. स्वित्झर्लंडच्या कोखरनें १९०१ सालीं व अमेरिकेच्या कुशिंगनें १९०५ सालीं या क्रियेचें विवेचन केलें. हीच क्रिया आपल्या पूर्वजांस अवगत होती, असें विधान वारंवार वाचनांत येतें, व त्यास आधार म्हणून धारच्या भोजराजाची कथा पुढें करण्यांत येते. या आधाराची छाननी करावी, आणि परभणी जिल्ह्यांतील पोथीसंग्राहकांस एक विनंती करावी, एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

मूळ कथा बल्लाळाच्या भोजप्रबंधांत आहे. स्नानाच्या वेळीं नाकावाटें माशाचें पिलूं शिरून राजास शिरोवेदना जडते. वैद्य थकतात. अखेर अश्विनीकुमार ब्राह्मणवेषानें येतात, मोहचूर्णानें राजास बेशुद्ध करतात, कवटी उघडून मासे काढतात, संधानकरणीनें ती सांधतात व संजीविनीनें त्यास सावध करतात. अर्वाचीन लेखकांनीं या गोष्टीस इ. स. ९२७ हें वर्ष जोडलें आहे. परंतु भोजाचें राज्य अकराव्या शतकाच्या पूर्वार्धांतलें. ९२७ सालीं त्याचा जन्मही झालेला नव्हता. बल्लाळ तर सोळाव्या शतकांतला, आणि त्याच्या ग्रंथांत कालिदास, बाण व माघ हे भोजाच्या एकाच सभेंत बसतात. अशा ग्रंथावरून शस्त्रक्रियेचें साल ठरविणें इतिहासशास्त्रास मान्य होणारें नाहीं.

महावग्गांतील जीवकाची कथा याहून जुनी व अधिक संयत आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीस त्यानें मंचकास बांधिलें, डोक्याची कातडी चिरली, कवटीची शिवण विलग करून दोन किडे काढिले व कातडी शिवून लेप दिला. तथापि येथेंही हाड कापून काढल्याचा उल्लेख नाहीं. हाडावर पाडलेलीं छिद्रें प्रत्यक्ष पाहावयाचीं असल्यास तीं काश्मिरांत बुर्झाहोम येथें सांपडलेल्या नवाश्मयुगीन कवटीवर आहेत. पण तीं रोगशमनार्थ पाडलीं कीं अन्य हेतूनें, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं.

आतां शास्त्रग्रंथ पाहूं. सुश्रुतानें मस्तकावरील अधिपति, शृंगाटक व शंख हीं मर्में सद्यःप्राणहर म्हणून सांगितलीं आहेत. स्थपनी व उत्क्षेप हीं विशल्यघ्न. म्हणजे शल्य आंत असेपर्यंत रोगी जगतो, उपटल्याबरोबर मरतो. डोक्यास हात घालण्यांतील धोका त्यास पुरता ठाऊक होता, हें यावरून उघड होतें. परंतु चिकित्सास्थानाच्या दुसऱ्या अध्यायांत तोच सांगतो कीं, शिरांतून शल्य काढल्यावर व्रणांत वालवर्ति, म्हणजे केसांची वात, घालावी. न घातल्यास मस्तुलुंग वाहून जातें व वायु रोग्याचा घात करितो. आणि व्रण भरत येईल तसतसा एकेक केस हळूहळू काढावा. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत, सव्विसाव्या अध्यायांत, हाच विधि सांगितला आहे.

हा दाब उतरविण्याचा उपाय नव्हे; उलट मेंदू बाहेर येऊं नये म्हणून घातलेला हा अडसर आहे. सबब त्यास कोखरच्या क्रियेचें मूळ म्हणतां येणार नाहीं. तरीही आमच्या मतें भोजाच्या कथेहून याचें मोल फार अधिक आहे. एकेक केस काढण्याचा तपशील कवीस सुचणारा नव्हे. फुटलेल्या कवटीचा रोगी ज्यानें अनेक दिवस जगविला, त्याच्याच हातचा तो दिसतो.

परभणीचा संबंध येथें येतो. हा प्रांत यादवांच्या राज्यांत होता, व त्यांचा मंत्री हेमाद्रि यानें तेराव्या शतकांत अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली. पुढें पार्थपुरीं, म्हणजे पाथरीस, ज्ञानराजानें १५०३ च्या सुमारास सिद्धांतसुंदर रचिला, व त्याचा पुत्र सूर्य पंडित यानें १५४१ सालीं लीलावतीवर टीका केली. अशा शास्त्राभ्यासी मुलुखांत पाथरी, गंगाखेड, जिंतूर, सेलू येथील ज्या घरीं वैद्यकाचीं बाडें असतील, त्या मंडळींनीं उत्तरस्थानाचें तें पान काढून समास वाचावा. केस कोणाचे घेतले, वात किती दिवस ठेविली, रोगी उठला कीं गेला, याविषयीं एखाद्या वैद्यानें दोन अक्षरें जरी लिहून ठेविलीं असलीं, तरी तो खरा पुरावा होईल.

भोजप्रबंधांतला राजा वेदनेनें त्रासून वाग्भटादिकांचे ग्रंथ प्रवाहांत टाकण्याची आज्ञा देतो. जीर्ण झालेल्या पोथ्या गोदावरींत सोडण्यापूर्वीं आमच्या वाचकांनीं एवढें एक पान अवश्य पाहावें.