पट्टी सोडवतानाची वेदना

भाजलेल्या रुग्णांच्या उपचारांचा इतिहास बहुधा शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मुंबईतला पुरावा मात्र शुश्रूषेच्या बाजूने बोलतो. 1985 मध्ये वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी आणि सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमेवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. साल जखम ओली ठेवते आणि तिला चिकटत नाही. पुढे शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी तपासली. 2003 मध्ये निष्कर्ष छापून आले. पान बटाट्याच्या सालीइतकेच गुणकारी, तयार करायला सोपे आणि कितीतरी स्वस्त ठरले. या दोन्ही शोधांचा उगम एकच आहे. पट्टी बदलताना जखमेला चिकटलेला गॉज ओढला की रुग्ण किंचाळतो, आणि तो गॉज रोज सोडवण्याचे काम परिचारिकेच्या वाट्याला येते.

यावर आक्षेप असा की, गंभीर भाजण्यात पानाने काय होणार? आक्षेप खरा आहे. पानाची चाचणी त्वचेच्या वरच्या थरांपर्यंतच्या जखमांवर झाली. खोल जखमेला त्वचारोपण लागतेच, आणि शीवमध्येच 2000 साली त्वचापेढीही सुरू झाली. पण रोपणासाठी जिथून कातडी काढतात तिथे नवी जखम होते, आणि त्या जखमेवरही हेच पान वापरून पाहिले गेले, तेव्हा व्हॅसलीन गॉजपेक्षा वेदना कमी झाली. शिवाय शस्त्रक्रिया काही तासांची, बाकीचे आठवडे खाऊ घालण्याचे, जंतुसंसर्ग रोखण्याचे, मान आणि कोपर आखडू नये म्हणून ते योग्य स्थितीत ठेवण्याचे. ही कामे मागे पडली तर उत्तम रोपणानंतरही हात सरळ होत नाही.

मनाकडे बघणे ही चैन आहे, असेही काहींना वाटते. बोस्टनमधल्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला 1942 मध्ये लागलेल्या आगीनंतर मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडेमान यांनी वाचलेल्यांच्या आणि मृतांच्या आप्तांच्या शोकाचा अभ्यास केला, तो वैद्यकशास्त्राचाच भाग ठरला. आपल्याकडे तर प्रश्न अधिक कठोर आहे. तत्कालीन भारतीय दंड संहितेत 1983 मध्ये 498अ आणि 1986 मध्ये 304ब ही कलमे आली, ती सासरी छळ सोसणाऱ्या आणि जळून मरणाऱ्या सुनांच्या पार्श्वभूमीवर. भाजलेल्या अवस्थेत जबाब देणाऱ्या बाईच्या उशाशी सासरचे बसले असतील, तर ती मोकळेपणी काय बोलणार? तिथे तिला एकांत मिळवून देणे हीसुद्धा शुश्रूषाच.

शुश्रूषा रुग्णालयाआधीच सुरू होते. भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावातून मोठे रुग्णालय दूर पडते. त्यामुळे पहिली शुश्रूषा घरच्यांना आणि शेजाऱ्यांनाच करावी लागते. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. अंगाचा मोठा भाग भाजला असेल तर अंग गार पडू देऊ नका, कोरड्या स्वच्छ चादरीत गुंडाळून तातडीने दवाखाना गाठा. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नका. आणि घरी तोडलेले केळीचे पानही नको, रुग्णालयातले पान निर्जंतुक केलेले असते.