गाजरगवत आणि मेक्सिकन भुंगेरा

१९५५ च्या सुमारास पुण्यात आढळलेले गाजरगवत रस्त्यांच्या कडेने देशभर पसरले. तणनाशकाने रोपे जळत. पण मातीत पडलेल्या हजारो बिया पुढच्या पावसात पुन्हा रुजत. म्हणून बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने १९८३ साली मेक्सिकोहून एक भुंगेरा आणला आणि चाचण्यांनंतर १९८४ साली मोकळा सोडला. पुढे तो सूर्यफुलावर दिसला व वाद उठला. परंतु त्याचे मुख्य खाद्य गाजरगवतच ठरले.

हा भुंगेरा कोरड्या ऋतूत जमिनीत दडतो आणि पावसाळ्यात बाहेर येऊन पाने कुरतडतो. तेव्हा फवारणी केल्यास त्याचे अन्नच जाते. नेसरीसारख्या गावातील शिक्षकांनी पावसाळ्यात मुलांना कुरतडलेली पाने दाखवावीत. मात्र हात लावू देऊ नये. त्वचेला खाज सुटते. मोठ्यांनी हातमोजे घालून, फुलोऱ्यापूर्वीच रोपे उपटावीत.