गाणं बाजारात गेलं, नाव कुठं राहिलं?



हळदीला किंवा वरातीला डीजेवर ‘कोंबडी पळाली’ लागलं की साठी उलटलेली आजीसुद्धा खुर्चीतल्या खुर्चीत मान हलवायला लागते. हे गाणं २००६ सालच्या ‘जत्रा’ सिनेमातलं. संगीत अजय-अतुल यांचं, आवाज आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांचे. पुढं २०१२ साली ‘अग्निपथ’ सिनेमात याच चालीवर ‘चिकनी चमेली’ आलं आणि ही चाल देशभर नाचली.

यातली दोन माणसं जरा नीट बघा. ‘जत्रा’चे दिग्दर्शक केदार शिंदे हे शाहीर साबळे यांच्या मुलीचे चिरंजीव, आणि गायक आनंद शिंदे हे प्रल्हाद शिंदे यांचे चिरंजीव. आडनाव एक असलं तरी घराणी वेगळी. एक आलं शाहिराच्या पार्टीतून, दुसरं वस्तीतल्या गायनपार्टीतून. या पार्ट्या मुळात बाजारासाठी नव्हत्याच. मग त्या बाजारात गेल्या कशा, आणि जाताना काय सोबत नेलं, काय मागं राहिलं, ते आज सांगते. गटाच्या बैठकीत आपण मालाचा हिशेब करतो ना, तसाच हा गाण्याचा हिशेब समजा.

सुरुवात आपल्या शेजारून करू. अमर शेख बार्शीचे. मूळ नाव मेहबूब, पटेल घराण्यातले. १९१६ चा जन्म. आई ओव्या म्हणायची, ते कानात घेऊन हा मुलगा वाढला. मोटारीवर क्लीनर म्हणून राबला, गिरणीत राबला, आणि पहाडी आवाजाच्या जोरावर शाहीर झाला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, गवाणकर आणि अमर शेख या तिघांनी मुंबईत ‘लाल बावटा कलापथक’ काढलं. मैदानात, गिरणीच्या दारात, चाळीच्या चौकात त्यांचा कार्यक्रम व्हायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत यांच्या आवाजानं सभा भरायच्या. पुढं सिनेमानंही अमर शेखांना बोलावलं, १९६१ च्या ‘प्रपंच’मध्ये ते दिसतात.

त्याच्याही आधीपासून दुसरी वाट चालू होती. सत्यशोधकांचे जलसे होते, मग १९३० नंतर भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्यांचे आंबेडकरी जलसे आले. जलशातूनच पुढं गायनपार्टी घडली. एक पेटी, एक ढोलकी, तबला, टाळ, कुठं बुलबुल तरंग, मागं चार-पाच जणांचा कोरस. एप्रिल महिन्यात जयंतीच्या रात्री एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जायचं आणि पहाटेपर्यंत गायचं. कुठं कव्वालीसारखा सवाल-जवाबाचा सामनाही रंगायचा. वामनदादा कर्डक याच परंपरेतले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि मग आयुष्यभर गाणी लिहिली. त्यांच्या गाण्याच्या शेवटी ‘वामन’ हे नाव हमखास येतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, मला पुढं कामाला येणार आहे.

प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याकडचे. आईवडील भजन-कीर्तन गाऊन पोट भरायचे. प्रल्हाददादांनी भीमगीतं गायली, विठ्ठलाची गाणी गायली, गणपतीची गायली. ज्या घरांनी त्यांच्या माणसांना उंबऱ्याच्या आत कधी घेतलं नसतं, त्या घरांत सकाळी देवपूजेला त्यांचाच आवाज लागायचा. माझ्या मते महाराष्ट्राच्या गाण्याच्या इतिहासातली ही फार मोठी घटना आहे. आपण ती एका ओळीत सांगून पुढं जातो.

आता बाजाराकडं येते. पूर्वी गाणं विकलं जायचं ते तव्यावर, म्हणजे रेकॉर्डवर. जुन्या तव्याच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. रात्रभर चालणारा गायनपार्टीचा कार्यक्रम त्यात बसायचा कसा? शिवाय तवे काढणारी मोठी कंपनी म्हणजे जवळजवळ एकच, एचएमव्ही. कुणाचा आवाज घ्यायचा, कोणतं गाणं घ्यायचं हे तिथली माणसं ठरवायची. ग्रामोफोन घरी असणंही श्रीमंतीचं लक्षण. वस्तीतल्या काही गायकांचे तवे निघाले, पण दार अरुंदच होतं.

ते दार उघडलं कॅसेटनं. १९७० नंतरच्या दशकात आखाती देशांत कामाला गेलेली माणसं येताना टेपरेकॉर्डर घेऊन यायला लागली. मग देशातही स्वस्त टेप तयार होऊ लागले. १९८० नंतर तर कॅसेटच्या लहानमोठ्या कंपन्यांचं पेवच फुटलं. तव्याला कारखाना लागतो. कॅसेटची नक्कल मात्र एका खोलीत चार यंत्रं मांडूनही निघते. एका बाजूला अर्धा तास गाणं मावतं. खर्च कमी, म्हणून धोका कमी, म्हणून कंपन्या नव्या माणसांना घ्यायला तयार. भीमगीतं, आराधी गाणी, पोवाडे, कीर्तनं, तमाशातले वग, जे जे तव्यावर कधी गेलं नव्हतं ते सगळं कॅसेटवर आलं. मी लहान असताना येरमाळ्याला येडाईच्या चैती यात्रेत कॅसेटच्या दुकानांची ओळ असायची. प्रत्येकाचा भोंगा वेगळा, एकाच वेळी दहा देव्यांची गाणी कानात शिरायची. पोळा, लगीन, जावळ, काहीही असो, येताना एखादी कॅसेट घरी यायचीच.

याच लाटेत आनंद शिंदेंचं ‘नवीन पोपट हा’ आलं आणि पानटपरीपासून ट्रकपर्यंत वाजलं. शिकल्यासवरल्या माणसांनी नाकं मुरडली. मलाही ते गाणं फार आवडतं असं नाही. पण मुरडणाऱ्यांच्या मुलांच्या वरातीत काय वाजतं ते आपण बघतोच. वस्तीतला आवाज आता कुणाच्या परवानगीसाठी थांबला नव्हता, आणि वीसेक वर्षांनी सिनेमावाले स्वतः त्याच्या दारी आले. अजय-अतुल तर गोंधळ, हलगी, संबळ घेऊन मोठ्या वाद्यवृंदात गेले. ‘जोगवा’ला संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. करमाळ्याच्या मातीत घडलेल्या २०१६ सालच्या ‘सैराट’चं संगीत अमेरिकेत लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित झालं.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत कॉलेजांची स्वतःची छोटी रेडिओ केंद्रं असतात, आपल्या सामुदायिक रेडिओसारखी. मोठी केंद्रं ज्यांना विचारत नव्हती अशा पोरापोरींच्या बँडची गाणी ही केंद्रं वाजवायची. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स नावाच्या कॉलेजच्या गावात १९८० साली ‘आर.ई.एम.’ नावाचा बँड असाच निघाला आणि १९९१ पर्यंत जगभर पोचला. त्याच वर्षी ‘निर्वाणा’ या बँडचा एक अल्बम आला, आणि १९९२ च्या जानेवारीत त्यानं मायकल जॅक्सनच्या अल्बमला अमेरिकेतल्या पहिल्या नंबरवरून खाली ओढलं. फाटक्या जीनमधली तीन पोरं ती. छोट्या रेडिओत किती ताकद असते हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडं २००६ साली सरकारनं धोरण बदललं आणि कॉलेजांबरोबर सामाजिक संस्थांनाही असा रेडिओ चालवायची मुभा मिळाली. साताऱ्याकडं म्हसवडला माणदेशी बायकांचा रेडिओ आहे, तेलंगणात झहीराबादजवळ दलित शेतकरी बायकांनी चालवलेला ‘संघम रेडिओ’ २००८ पासून आहे.

आता गोव्याचे रेमो फर्नांडिस. शिवोलीचा हा माणूस मुंबईत जे.जे.मध्ये वास्तुकला शिकला. इंग्रजीत गाणारा, गिटार आणि बासरी वाजवणारा. कंपन्यांनी भाव दिला नाही तेव्हा १९८४ साली यानं घरातच एका छोट्या यंत्रावर सगळी वाद्यं स्वतः वाजवून, स्वतः गाऊन एक अल्बम तयार केला आणि त्याच्या कॅसेट पिवळ्या स्कूटरवर घालून दुकानोदुकानी विकल्या. कच्चा माल, उत्पादन, पॅकिंग, विक्री, सगळं आपलं! बचत गटाच्या प्रशिक्षणात सांगतात तस्संच. पुढं श्याम बेनेगलांच्या ‘त्रिकाल’मध्ये गाणी, १९८७ ला ‘जलवा’, १९९५ ला ‘बॉम्बे’तलं ‘हम्मा हम्मा’, आणि २००७ साली पद्मश्री. रेमो सिनेमात गेले ते आपलं नाव आणि आपला माल हातात धरून.

पण इथं मला एक बोलायचं आहे. रेमोंना हे जमलं कारण मागं घर होतं, शिक्षण होतं, इंग्रजी होतं. गायनपार्टीतल्या माणसाला उद्याची चूल पेटवायची असायची. कंपनीनं एकदाच रोख रक्कम हातावर ठेवली आणि कागदावर सही घेतली की गाण्याचे सगळे हक्क कंपनीचे, ही तेव्हाची सर्रास रीत होती. कॅसेट हजार खपो की लाख खपो, गाणाऱ्याला फरक नाही. कोरसमध्ये गाणाऱ्या बाईचं तर कव्हरवर नावसुद्धा नसायचं.

आणि बायांचा हिशेब सगळ्यात कच्चा. विठाबाई नारायणगावकर तमाशातल्या केवढ्या मोठ्या कलावंत. भर कार्यक्रमात कळा सुरू झाल्या, पडद्यामागं बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असं सांगितलं जातं. १९५७ आणि १९९० असं दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. तरी २००२ साली गेल्या त्या हलाखीत. सुलोचना चव्हाण यांच्या लावण्यांवर सिनेमे चालले. डोक्यावरचा पदर ढळू न देता गायच्या, आणि पद्मश्री मिळाली २०२२ साली, म्हणजे अखेरच्या वर्षी. आज मोबाईल आहे, त्यामुळं छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारी घेऊन गातात ते घरोघरी पोचतं, मध्ये कुणी कंपनी लागत नाही. कॅसेटनं पुरुषांचं जेवढं दार उघडलं तेवढं बायांचं आता मोबाईल उघडतो आहे, असं मला वाटतं.

मोबाईलवर नाव मात्र आणखी लवकर गळतं. मागच्या वर्षी आपल्या भागातल्या एका गावात नवरात्रात आराधी बायांचा मेळा बसला होता. बाहेरून एक जण आला, शूटिंग करून गेला. महिन्याभरात ते गाणं एका चॅनेलवर आलं, खाली लिहिलेलं ‘पारंपरिक’. गावाचं नाव नाही, एकाही बाईचं नाव नाही. त्यातली दोन कडवी गटातल्या एका मावशीनं स्वतः बांधलेली आहेत. त्या मावशी मला म्हणाल्या, “पैशाचं राहू दे गं, पण मी मेलेय का?”

कायदा काय म्हणतो ते सांगते. गाणं ज्यानं रचलं त्याचा त्यावर हक्क असतो, तो हयातभर आणि नंतर साठ वर्षं. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. सिनेमाच्या किंवा ध्वनिफितीच्या गाण्यातला गीतकाराचा आणि संगीतकाराचा मानधनातला वाटा आता सही करूनही कुणाला देऊन टाकता येत नाही. गायकांनाही मानधनाचा वाटा मान्य झाला, आणि २०१३ मध्ये तो गोळा करायला गायकांची संघटना उभी राहिली. खूप जुनं, कुणी रचलं ते माहीत नसलेलं गाणं मात्र सगळ्यांचं. म्हणून आपली नवी कडवी कोणती आणि जुनं गाणं कोणतं, हे वहीत लिहून ठेवा. तारीख टाका. गटाची वही लिहितो तशीच ही एक वही.

नाव जपून काम केल्याचं उदाहरणही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावं, तीन हजारांवर बाया आणि एक लाखाहून जास्त ओव्या. प्रत्येक ओवीसमोर म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव. शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगर वस्तीत १९९६ साली बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या, त्याही नावासकट आज ऐकायला मिळतात.

आणि आता वामनदादांची ती गोष्ट. कॅसेटचं कव्हर हरवतं, लेबल निघून जातं, मोबाईलवर तर लेबलच नसतं. पण ‘वामन’ हे नाव गाण्याच्या आतच शिवलेलं आहे, ते कापलं तर कडवं फाटतं. ही युक्ती जुनी आहे. सातशे वर्षांपूर्वी एका घरात दळणकांडण करणाऱ्या जनाबाईनं हेच केलं, म्हणून ‘जनी म्हणे’ आज आपल्याला माहीत आहे. नाहीतर तिचे अभंग कुणाच्या नावावर गेले असते कोण जाणे.

आमच्या त्या मावशींनी यंदा शेवटचं कडवं बदललं आहे. त्यात त्यांचं नाव आलंय आणि गावाचंही. यमक जुळायला दोन दिवस लागले, सगळ्या मेळ्यानं डोकं लावलं. गाणं सुरू करण्याआधीही बाया आता एकेक करून आपलं नाव सांगतात, मोबाईल समोर असो नसो. येत्या नवरात्रात आपल्या रेडिओसाठी त्यांचं ध्वनिमुद्रण करायचं ठरलं आहे. तुमच्या गावात मेळा असेल तर ग्रामसंघाच्या बैठकीत मला सांगा, वही घेऊन या.